आजोबांची नसलेली बहीण

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर माझ्या भाच्याला, गढीचा मालक गोतिए याला, एकाएकी पापाची भीती वाटायला लागली. पाप कसलं, तर बायको म्हणे नात्यातली निघाली! चार पिढ्यांच्या आतलं नातं निघालं की चर्च लग्न मोडतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेजारची इसाबो नुकतीच विधवा झालीय आणि तिचे द्राक्षमळे आमच्या कुंपणाला लागून आहेत, हेही ठाऊक.

गोतिए माझ्याकडे आला तो भाजलेल्या बदकाची तंगडी घेऊन.

“आत्या, तुझ्या आजोबांना आदेल नावाची बहीण होती ना? तीच ओदीलची पणजी.”

“आजोबांच्या मांडीवर वाढले मी. बहीण काय, त्यांना भाऊसुद्धा नव्हता.”

“होती, आत्या. बिशपसमोर तू तसंच सांगायचंस. नाहीतर हिवाळ्यात मठात जाऊन राहा. तिथे शेकोटी पेटवत नाहीत.”

मेल्याने धमकीसुद्धा तंगडी पुढे करून दिली. मी तंगडी खाल्ली.

त्याची बायको ओदील मुलीच्या झग्याला टाके घालत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “आत्याबाई, मला भावाच्या दारात जाऊन पडता येईल. पण माझ्या दोन्ही पोरींना लोक अनौरस म्हणतील.” हिला मी या घरात हात धरून आणली होती.

बिशपच्या दरबारात गोतिएने छाती फुगवून सांगितलं, “महाराज, आमच्या घराण्याची वंशावळ मेलिसांद आत्याला तोंडपाठ आहे. तिचा शब्द आम्हा सगळ्यांना मान्य.”

शपथ घ्यायला मी संताच्या अस्थींच्या पेटीवर हात ठेवला. “आदेल होती, महाराज. उंच, नाकेली, जरा बडबडी. तिची धाकटी लेक म्हणजे या ओदीलची आजी.”

बिशप खांद्यापासून खाली हाताच्या एकेका सांध्यावर पिढ्या मोजायला लागले. ओदीलचा चेहरा पांढराफटक पडला. गोतिए मिशीत हसत होता.

“आणि थोरली लेक,” मी म्हटलं.

“थोरली कुठली?” गोतिए दचकला.

“अरे, विसरलास? तिला दूर बर्गंडीत दिली होती. तीच आपल्या इसाबोची आजी! म्हणजे इसाबोही तुला तेवढीच जवळची.”

सगळा दरबार खदाखदा हसला. बिशपचं बोट कोपराशीच थांबलं.

“साफ खोटं!” गोतिए ओरडला. “आदेलला एकच मुलगी होती!”

“तू होतास का रे बाळंतपणाला?”

“ही म्हातारी थापा मारतेय, महाराज!”

“आत्ताच तर तुम्ही हिचा शब्द मान्य केलात,” बिशप म्हणाले. “आदेल असेल तर ओदीलही गेली आणि इसाबोही. वर ओदीलचा हुंडा परत करायचा, गिरणीसकट. आदेल नसेल तर बायकोला घेऊन घरी जायचं. बोला, होती की नव्हती?”

गोतिएने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे लहानपणी पाहायचे तसंच प्रेमाने पाहिलं.

“नव्हती,” तो पुटपुटला.

“मोठ्याने,” मी म्हटलं. “मला हल्ली कमी ऐकू येतं.”

“नव्हती!”

परतताना ओदील माझ्या खांद्यावर डोकं टेकून इतकी हसली की शेवटी रडायलाच लागली. त्या हिवाळ्यात शेकोटीजवळची जागा माझीच राहिली. गोतिए महिनाभर माझ्याशी बोलला नाही, पण बायकोशी बोलायला लागला. दुसरं करतो काय बिचारा!

पुढच्या वर्षी त्यांना तिसरी मुलगी झाली. बारशाला पाद्रीबाबांनी नाव विचारलं. गोतिए तोंड उघडणार, एवढ्यात ओदील म्हणाली, “आदेल.”

गोतिएने कपाळाला हात लावला. मी बाळाला मांडीवर घेऊन नीट पाहिलं. नाकेली होती.