सहा दिवसांच्या सह्या

दर सोमवारी सकाळी ऑफिसात आल्यावर आरती पर्स खुंटीला अडकवायची आणि आधी सहा दिवसांच्या सह्या करून टाकायची.

वरव्याजवळ हायवेला लागून रस्ते बांधणाऱ्या कंपनीचं हे नवं ऑफिस. आरतीचं गावही वरवे बुद्रुकच. डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसलेली पोरगी गावाशेजारच्याच कंपनीत ‘सेफ्टी ऑफिसर’ म्हणून लागली, तेव्हा वडिलांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले होते. रस्त्याच्या कामाचा नियम असा, की रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मजुरांना गोळा करायचं आणि दहा मिनिटं समजावून सांगायचं: आज काम काय, धोका कुठं, कुणी कुठं उभं राहायचं. मग यंत्रं तपासायची. हे सगळं केलं म्हणून वहीत मजुरांच्या सह्या घ्यायच्या आणि खाली सेफ्टी ऑफिसरनं सही करायची. पण कंपनीची कामं चालली होती पाच ठिकाणी, भोरच्या घाटापासून पार वेल्ह्याच्या पलीकडं. आणि सेफ्टी ऑफिसर एकच.

पहिल्याच महिन्यात तिनं मॅनेजरना विचारलं होतं, “साहेब, रोज पाच साइट मी कशा फिरणार?”

“फिरायला सांगतंय कोण?” मॅनेजर हसले. “तुम्ही सोमवारी सह्या करून ठेवा. बाकीचं आमची माणसं भरतील. टेंडरला कागद लागतो मॅडम, कागद!”

तिला ते खटकलं. आठवडाभर घास गोड लागला नाही. मग सवय झाली. आपल्यालाही अशा किती सवयी होतात, आणि किती लवकर होतात!

मालक आनंदराव मूळचे भोंगवलीचे. माणूस वाईट नव्हता. अठरा वर्षांपूर्वी एका पिंपात डांबर तापवून गावोगावचे खड्डे बुजवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. तेव्हा सोबतीला होते भोरचे मौलाली आणि एक जुना रोलर. आता सारोळ्याच्या पुढं डांबर-खडी मिसळण्याचा स्वतःचा प्लांट होता, रस्त्यावर डांबर पसरणारे तीन पेव्हर होते, माल वाहणारे चाळीस टिपर होते. मजुरांच्या लग्नकार्याला आनंदराव आवर्जून जात, नवरीच्या हातात स्वतः आहेर देत. ऑफिसच्या दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सुरक्षा प्रथम’. पण काम वाढत गेलं तसं वाढलं यंत्रांचं बळ आणि घाई. माणसांकडं बघणारे डोळे तेवढेच राहिले.

त्या वर्षी वेल्ह्याकडच्या एका खोऱ्यात रस्ता रुंद करण्याचं काम लागलं. पावसाच्या आत डांबर पडायलाच हवं होतं. एका गुरुवारी मौलालीचाचा कसल्याशा सुट्या भागासाठी ऑफिसात आले आणि आरतीच्या टेबलापाशी थांबले. साठीला टेकलेला माणूस, अजून रोलर चालवत होता.

“पोरी, त्या नव्या टिपरचा रिव्हर्स हॉर्न बंद हाय बग. डायवरला त्याचा आवाज सोसत न्हाई, वायरच काडून ठिवलीया त्यानं. गाडी मागं येती आन् कुनाला कळत न्हाई.”

“सांगते चाचा मॅनेजरना.”

तिनं सांगितलंही. मॅनेजर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, “बघू.” पुढच्या सोमवारी तिनं त्या साइटच्या वहीत सहाही दिवसांच्या पानांवर ‘रिव्हर्स हॉर्न: चालू’ या ओळीसमोर बरोबरची खूण केली. खाली सही केली. खूण करताना तिला चाचांची आठवण झाली होती, हे तिनं पुढं स्वतःच सांगितलं. हात मात्र थांबला नाही.

मंगळवारी साडेअकराला फोन आला.

रस्ता करताना गरम माल घेऊन टिपर मागं मागं येतो आणि पेव्हरच्या पुढच्या पेटीत तो ओततो. दोन टिपरच्या मधल्या वेळेत पेटीखाली सांडलेला माल फावड्यानं ओढून घ्यावा लागतो. ते काम रायबाकडं होतं. वेल्ह्यावरच्या धनगरवस्तीचा एक्केचाळीस वर्षांचा गडी. घरी शेळ्यामेंढ्या होत्या, म्हातारी आई होती. टिपरला मागं घेताना इशारा करायला एक झेंडीवाला असतो. त्या दिवशी कुणी मोठे अधिकारी येणार म्हणून झेंडीवाल्याला पुढच्या वळणावर दगडांना चुना मारायला पाठवलं होतं. रायबा पाठमोरा, वाकलेला. पेव्हरची घरघर कानात. टिपर आला तो मुका आला.

वेल्ह्याच्या दवाखान्यात पोचण्याआधीच रायबा गेला.

दुसऱ्या दिवशी आनंदरावांच्या केबिनमध्ये तिघंच होते. आनंदरावांचे डोळे सुजले होते. ते खरंच रडले होते. मॅनेजरनी मंगळवारचं पान उघडून टेबलावर ठेवलं. विषय: टिपर मागं येताना घ्यायची काळजी. हजर मजूर: तेवीस. रिव्हर्स हॉर्न: चालू. आणि खाली आरतीची ठसठशीत सही.

“देवासारखी धावून आली ही वही,” मॅनेजर म्हणाले. “सकाळी सूचना दिली होती, यंत्र तपासलं होतं. तरी माणूस मोबाईलवर बोलत मध्ये गेला. आपली चूक कुठं राहते?”

आरतीनं पान आपल्याकडं ओढलं. त्या सकाळी कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. ती तर तिथं गेलीच नव्हती. सोमवारी चहाचा घोट घेत केलेली सही आता मेलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवत होती!

“आरती,” आनंदराव जड आवाजात म्हणाले, “तीनशे घरं चालतात या कंपनीवर. काळ्या यादीत नाव गेलं तर सगळीच बुडतील. गेलेला तर काही परत येत नाही.”

मॅनेजरनी अहवाल तिच्यापुढं सरकवला. ‘कामगाराच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.’ तिनं तीनदा वाचला. आणि सही केली.

पंधरा दिवसांनी कंपनीनं तिलाच रायबाच्या घरी पाठवलं. बाईमाणूस गेलेलं बरं, म्हणाले. वाट दाखवायला मौलालीचाचा होते. गाडी जिथवर जाते तिथवर गेले, मग दोघं डोंगराची चढण चढू लागले. अर्ध्या चढणीवर तिला राहवलं नाही.

“चाचा, मी सही केली नसती तर दुसऱ्या कुणीतरी केली असती. माझ्या एकटीच्या हातात काय होतं?”

चाचा थांबले. त्यांना धाप लागली होती.

“रायबाला वाचाया येत न्हवतं. तुजी वही त्यानं कंदी बगितली न्हाई. पर त्याला ठावं व्हतं, आपिसात एक मॅडम हाय, तिचं कामच ह्ये बगायचं हाय. त्या भरवशावर त्यो टिपराकडं पाठ करून हुबा ऱ्हात व्हता. तू कुनीच नसतीस ना पोरी, तर त्यानं सोताच धा येळा मागं वळून बगितलं आसतं.”

आरती वाटेतल्या दगडावर बसली. चाचा तिच्या शेजारी टेकले.

“आन् म्या तरी कोन साव हाय? मला म्हाईत व्हतं हॉर्न बंद हाय. तुला सांगितलं आन् मोकळा झालो. रोलर आडवा लावून काम बंद पाडाया पायजे व्हतं. न्हाई पाडलं. आनंदरावांचं मीठ खाल्लंय, वाईट दिसंल, म्हनलं.”

वस्तीवर कुडाचं घर होतं. रायबाची आई धोंडाबाई ओट्यावर बसली होती, कपाळ मोकळं, हातात काठी. कंपनीची माणसं म्हटल्यावर ती धडपडत उठली. आरतीला वाटलं, आता म्हातारी शिव्या देईल, छाती बडवील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

धोंडाबाईनं हात जोडले.

“बाय, तुमास्नी लई तरास झाला आमच्यामुळं. दोन दीस काम बंद ऱ्हायलं म्हनं. तुमचे सायब सांगून गेले, सकाळी समदं नीट सांगितलं व्हतं, तरी ह्यो मोबाईल कानाला लावून मदी गेला. ल्हानपनापासनं त्यो तसाच धांदरट. म्या बाजारातबी समद्यास्नी सांगितलं, कंपनीचा कायबी दोस न्हाई. माज्याच पोराची चूक.”

ती पुढं म्हणाली, “परवा त्याच्या नावानं निवद ठिवला, तवाबी म्या बोल लावला त्याला. म्हनलं, येवडी शानी मानसं सांगत व्हती, तुला आयकाया काय झालं रं?”

“नाही आजी!” आरती ओरडलीच. “नाही! त्याची चूक नव्हती!”

मग तिला थांबताच येईना. हॉर्न बंद होता. झेंडीवाल्याला चुना मारायला नेलं होतं. सकाळी कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिनं सोमवारीच सह्या केल्या होत्या. तिनं, तिच्या हातानं. “त्याच्या कानाला मोबाईल नव्हता आजी. तो फावडं ओढत होता. कामच करत होता!”

धोंडाबाई रडली नाही. ओट्यावर खाली बसली आणि पुटपुटली, “आन् म्या त्याला बोल लावला…”

खाली उतरताना आरतीचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला, अपघाताची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यापुढं जाऊन उभी राहिली आणि सगळं लिहून दिलं, स्वतःच्या चुकीसकट. मंगळवारच्या पानावर रायबाची सही आहे, वळणदार अक्षरात. पण पगाराच्या कागदावर रायबा अंगठा उठवायचा. हेही तिनं लिहून दिलं. मौलालीचाचांनी त्याच कागदाखाली सही केली.

वाचकहो, यानंतर सत्याचा विजय झाला असं सांगायला मला आवडलं असतं.

तसं झालं नाही. कंपनीनं सांगितलं, की रायबा अलीकडं सही करायला शिकला होता. तसं म्हणणारे दोन साक्षीदारही मिळाले. खोटी तपासणी लिहिली म्हणून कारवाई झाली ती आरतीवर. तिची नोकरी गेली, आणि जवळपासच्या दुसऱ्या कंपन्यांत तिचं नाव निघालं की माणसं चहा पाजून वाटेला लावू लागली. ज्या आळीत पेढे वाटले, तिथून वडील मान खाली घालून जाऊ लागले. मौलालीचाचांना आनंदरावांनी काढलं नाही. फक्त रोलरवरून उतरवून प्लांटच्या फाटकावर बसवलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. चौकशीला तारखा पडत गेल्या, अजून पडताहेत. पावसाच्या आत रस्ता झाला. छान झाला, पाण्यासारखा गुळगुळीत. कंपनीला त्याहून मोठं काम मिळालं.

आरतीच्या जागी प्रांजल नावाची नवी मुलगी आली. आरती तिला एकदा मुद्दाम भेटली. सगळं ऐकून घेतल्यावर प्रांजल खाली बघत म्हणाली, “ताई, तुमचं पटतं हो. पण घरात मिळवणारी मी एकटीच आहे.” आरतीनं तिला दोष दिला नाही. कोणत्या तोंडानं देणार होती?

मग त्या खरं बोलण्यानं झालं तरी काय?

एकच गोष्ट झाली. आरती वेल्ह्याच्या बाजारात गेली होती, तेव्हा तिनं ती डोळ्यांनी पाहिली. धोंडाबाई काठी टेकत एकेका दुकानाशी, एकेका पालाशी थांबत होती. भाजीवालीपाशी, मीठमिरचीवाल्यापाशी, मेंढरं घेऊन आलेल्या पाव्हण्यांपाशी. ज्यांना ज्यांना तिनं आधी सांगितलं होतं, त्या प्रत्येकाला ती शोधून काढत होती.

“आयका, म्या मागं बोलले त्ये खोटं व्हतं. माज्या रायबाची चूक न्हवती. त्यो काम करत व्हता.”

कुणी मान हलवायचं, कुणी गिऱ्हाइकाच्या गडबडीत नुसतं बरं म्हणायचं. म्हातारी पुढच्या पालाकडं जायची. आरती तिच्या मागोमाग चालत राहिली, आणि कुणी विचारलंच तर सांगत राहिली, “हो, खरं आहे. मी तिथली सेफ्टी ऑफिसर होते. चूक माझी होती.”

रायबा परत आला नाही, येणारही नव्हता. बाजारात सांगितल्यानं कंपनीच्या एकाही टिपरचा हॉर्न लागला नाही. पण मेलेल्या पोरावरचा खोटा डाग त्याच्या आईनं आपल्या हातानं पुसला.

बंधूंनो, भगिनींनो, आपण साऱ्याच जणी, सारेच जण कुठं ना कुठं सही करतो. शाळेच्या बसच्या तपासणीवर, इमारतीच्या लिफ्टवर, पुलाच्या दाखल्यावर, औषधांच्या साठ्यावर. सही म्हणजे ‘हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ असा आपण एका अनोळखी माणसाला दिलेला शब्द असतो. तो माणूस आपल्याला ओळखत नसतो, पण आपल्या शब्दावर पाठ टेकून निर्धास्त उभा असतो. म्हणून जे पाहिलं नाही, त्यावर सही करू नका. नोकरीची भीती वाटेल, ती खरीच आहे. आरतीची नोकरी गेलीच. पण तिनं नकार द्यायला हवा होता तो पहिल्या सोमवारी, जेव्हा घास गोड लागत नव्हता तेव्हा. त्या दिवशी नकार दिला असता तरी नोकरी गेली असती. पण खोट्या भरवशावर रायबानं टिपराकडं पाठ केली नसती, आणि कदाचित तो आज डोंगरावर मेंढरांमागं असता!