तिसऱ्या पट्ट्यातल्या काठ्या

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गवत कापायचं मशीन नदीकाठच्या तिसऱ्या पट्ट्यात शिरलं. रोपवाटिकेतल्या मावशी धावत पोचेपर्यंत डोक्यावर गेलेला बोरू आणि त्यामागची वाळुंजाची झुडपं आडवी झाली होती. मशीनवर त्यांचा जावई होता.

"बंद करा! जावईबापू, बंद करा ते!"

"काय झालं, आई?"

"तीन वर्षं खपून लावलं होतं मी हे."

"लावलेलं? मला वाटलं, रान माजलंय. ऑफिसातून काठ साफ करा म्हणाले. पण तुमच्या काठ्या दिसल्या तिथं पातंही तोडलं नाही, बघा."

पलीकडच्या चौथ्या पट्ट्यात लाल फडकी बांधलेल्या काठ्या ओळीने उभ्या होत्या. त्यांच्या मधे बोटभर रोपं. याच काठ्या काल दुपारपर्यंत तिसऱ्या पट्ट्यात होत्या. इथली रोपं चांगली वाढली, आता यांना कसली राखण, म्हणून मावशींनीच त्या उपटून तिकडे नेल्या होत्या.

ही सगळी लागवड पाणमांजरांसाठी होती. अकरा वर्षांनी एक मादी या काठाला आली होती आणि बोरूमागच्या बिळात दोन पिल्लं घेऊन राहत होती. आता बिळाचं तोंड पुलावरूनही दिसत होतं.

नऊला वनखात्याचे साहेब आले. जावई मान खाली घालून उभा राहिला.

"कापलं यांनी, पण चूक माझी," मावशी म्हणाल्या. "काठ्या मी काढल्या."

"मावशी, जावयाला पाठीशी घालताय?"

"जावई म्हणजे दहावा ग्रह, साहेब. त्याला कोण पाठीशी घालतं? काठ्या मी काढल्या, तसंच लिहा."

साहेबांनी तसंच लिहिलं.

दुपारी सासू-जावयांनी कापलेल्या फांद्या ओढून आणल्या आणि बिळापुढे आडोसा रचला. आत काही हालचाल नव्हती.

"बोरू परत फुटेल ना, आई?"

"मुळं शाबूत आहेत. दोन महिन्यांत कमरेला लागेल."

"मग झालं तर."

"बोरूची काळजी कुणाला आहे?" मावशी म्हणाल्या आणि पुढची फांदी ओढायला वळल्या.

संध्याकाळी साहेबांनी बिळासमोरच्या खांबाला कॅमेरा बांधला. त्याला आज नववा दिवस. कॅमेऱ्यात आतापर्यंत एक बगळा आला, एक भटकं कुत्रं आलं, आणि रोज सकाळी सहाला, लांबूनच वाकून बघणाऱ्या मावशी.