खंडेनवमीला काढलेली जाळी

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे, पण माझी धार अजून गेलेली नाही. बोट लावून बघू नका. वसमतच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात मी उभी असते. दिसायला मी तुमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची धाकटी बहीण. पण गहू-ज्वारीसारखं मऊ खाणं माझ्या नशिबी नाही. मी काड्या खाते. उसाचं चिपाड, तुराट्या, कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती पऱ्हाटी. माझ्या पोटात पोलादी पाती आहेत. काही गरगर फिरतात, काही जागच्या जागी दबा धरून बसतात. त्यांच्यामध्ये सापडलेल्या काडीची खैर नाही.

माझा जन्म दूर अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. तापवलं, ठोकलं, घासलं, आणि मार खाऊन खाऊन मी मारकुटी झाले. १९९३ साली ट्रकमधून आदळत इथे पोचले. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत मोडत होतो. कारखान्याने माझ्या तोंडावर एक लोखंडी जाळी पेचांनी बसवून दिली होती. तिच्यातून काडी आत जाई, माणसाचं बोट जात नसे. खळ्यातल्या बैलाला मुसकं घालतात ना, तशी ती. मला तिचा फार राग यायचा.

आमची प्रयोगशाळा म्हणजे झाडाझुडपांचा कत्तलखानाच. आधी काडी ओव्हनमध्ये घालून तिच्यातलं पाणी काढतात. मग मी तिचा भुगा करते. तो भुगा आम्लात उकळतात, गाळतात, पुन्हा उकळतात. उरलंसुरलं भट्टीत जाळतात आणि राखेचंही वजन करतात. एवढा छळ झाल्यावर काडी कबूल करते, की तिच्यात जनावराच्या पोटात पचेल असं किती आहे आणि चिवट, न पचणारं किती. या छळात पहिला घाव माझा, आणि त्याचा मला गर्व होता. सगळे मला चक्की म्हणत, आणि चक्कीसारखा बारीक भुगा दुसरं कोणी करत नाही, असं सांगत.

मग डोंगरकडा गावची मोहिनी संशोधनाला आली. तिचे वडील रखमाजी शेळ्या-मेंढ्या पाळत. उन्हाळ्यात चारा संपला की शेळ्या उकिरड्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या खात आणि पोट फुगून मरत. मोहिनी लहान असताना रखमाजींनी एका मेलेल्या शेळीचं पोट तिच्यासमोर कुऱ्हाडीने फाडलं होतं. आतून पिशव्यांचा मोठा गोळा निघाला. तो तिच्या डोळ्यांसमोरून कधी हलला नाही. गावभर पऱ्हाटीचे ढीग पडलेले, बाया ती चुलीत घालत, आणि शेळ्या उपाशी. ही पऱ्हाटी चुन्याच्या पाण्यात भिजवली तर तिचा चिवटपणा सुटेल का, शेळीला ती पचेल का, हे मोहिनीला शोधायचं होतं. त्यासाठी तिला मी हवी होते.

२००१ सालची खंडेनवमी. त्या दिवशी शेतकरी अवजारांची पूजा करतो, तशी आमच्याकडे यंत्रांची होते. प्रयोगशाळेतले शिपाई जळबा मोठे भाविक. त्यांचं म्हणणं, पूजा शस्त्राची करायची, डब्याची नाही. कुंकू पात्यालाच लागलं पाहिजे. म्हणून त्यांनी पेच काढले, जाळी बाजूला ठेवली आणि आत हात घालून माझ्या प्रत्येक पात्याला हळदकुंकू लावलं. सुतळीत ओवलेला झेंडूचा जाड हार माझ्या तोंडाभोवती घातला. पात्यांना दिव्याचा उजेड दिसावा, म्हणून जाळी दिवसभर काढलेलीच ठेवायची असं ठरवलं. मला काय हो, माझं मुसकं सुटलं होतं.

तेवढ्यात मोहिनी ओव्हनमधून वाळलेल्या काड्या घेऊन आली. वाळलेली काडी गरम असतानाच दळावी लागते. जरा थांबलं की ती हवेतला ओलावा पिते आणि सगळं वजन चुकतं.

"ताई, आज मशिनीला हात लावू नगा," जळबा म्हणाले. "आज तिचा इसावा हाय."

"काका, इतक्या दिसांची मेहनत वाया जाईल. लगीच बंद करते."

"मंग दळा. पण हार काढू नगा. आजच्या दिशी हार उतरवत न्हाईत."

मोहिनीने म्हाताऱ्याचा मान ठेवला. हार तसाच राहिला. जाळी नाही, हे त्या हारामुळे तिला दिसलंच नाही.

मी सुरू झाले आणि थरथरले. हाराचं टोक घसरून आत पडलं, पात्यांनी सुतळी पकडली आणि हार आत जाऊ लागला. पूजेचा हार तुटू नये म्हणून मोहिनीने तो झटकन मुठीत धरला. सुतळीचा फास मुठीला बसला. मी ओढलं. मित्रांनो, मला झेंडू आणि बोट यांतला फरक कळत नाही. हाड तर मला पऱ्हाटीपेक्षा मऊ लागलं.

ती किंकाळी अजून या भिंतींत असेल. जळबांनी स्टूल उचललं आणि माझ्या फिरत्या पट्ट्यावर घातलं. स्टुलाच्या ढलप्या उडाल्या, पट्टा तुटून चाबकासारखा आला आणि त्यांचा गाल फाटला. पण मी थांबले. माझ्या चाळणीखालच्या भांड्यात भुगा पडला होता. तो पिवळा होता आणि लाल होता.

नांदेडच्या दवाखान्यात मोहिनीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि तर्जनी तेवढी वाचली.

सुट्टी मिळाली त्या दिवशी रखमाजी लेकीला घेऊन तडक कॉलेजात आले. पाला तोडायची कुऱ्हाड त्यांच्या खांद्यावर कायम असे.

"कुठं हाय ती राकशीण? माझ्या लेकराचा हात खाल्ला हिनं!"

पहिला घाव माझ्या तोंडावर बसला, पत्रा चिरला. दुसऱ्याने माझी कूस आत गेली. आयुष्यभर मी घाव घातले होते, त्या दिवशी मी ते खाल्ले. तिसऱ्या घावाला जळबा आडवे आले. गालावर टाके तसेच होते.

"तिला काहून मारून राहिले, दादा? जाळी म्या काढली. मला हाणा."

रखमाजींनी खरंच हाणलं. कुऱ्हाडीचा दांडा खांद्यावर बसला आणि जळबा कोसळले. रखमाजींनी कुऱ्हाड पुन्हा उचलली. आता पातं खाली होतं.

मोहिनी मधे शिरली आणि तिने आपला धडधाकट डावा हात कुऱ्हाडीखाली धरला.

"ह्यो बी घ्या, आबा. एक तिनं घेतला, एक तुमी घ्या."

कुऱ्हाड हवेतच राहिली.

"शेळ्या मरायच्या थांबवायच्या हाईत ना आपल्याला? मंग हिला फोडल्यावर मी काड्या दातानं दळू का?"

रखमाजी मटकन खाली बसले आणि लहान लेकरासारखे रडले. मग त्यांनीच जळबांना बगलेत हात घालून उठवलं. दुसऱ्या दिवशी ते गुलाबसिंग लोहाराला घेऊन आले. तो जाळीला पेच शोधू लागला, तेव्हा रखमाजी म्हणाले, "पेच नगं. पेच असला की काढणारा बी असतो. जोडून टाक, कुणाच्या बापाला निघाली न्हाई पायजे." ठिणग्या उडाल्या, चिरलेला पत्रा सांधला गेला, नवा पट्टा चढला आणि जाळी माझ्या तोंडाला कायमची जोडली गेली.

मोहिनी डाव्या हाताने लिहायला शिकली. तिने उरलेल्या सगळ्या काड्या माझ्याकडूनच दळून घेतल्या. चुन्यात मुरलेल्या पऱ्हाटीचा चिवटपणा बराच सुटला होता. पुढच्या उन्हाळ्यात रखमाजींच्या शेळ्यांनी ती चाऱ्यात मिसळून खाल्ली आणि कळप तगला. नंतर मोहिनी इथेच शिकवायला लागली. नवी, झरझर चालणारी यंत्रं आली आणि माझ्यावर धूळ बसली.

परवा एक नवे सर कटर घेऊन माझ्याजवळ आले. नवं यंत्र बिघडलं होतं. "मॅडम, या जाळीमुळे फार वेळ लागतो. कापून टाकू का?"

मोहिनीने आपला उजवा हात त्या जाळीवर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. सरांनी त्या हाताकडे बघितलं. मग त्यांनी कटरची वायर गुंडाळली.

मित्रांनो, मला फुलं वाहा किंवा वाहू नका. मला नमस्कारही नको. मी त्या दिवशी जेवढी भुकेली होते, तेवढीच आजही आहे, आणि दया मला कोणी शिकवू शकत नाही. ती तुम्हालाच माझ्या तोंडावर बसवावी लागते.