किनाऱ्याकडची खोली

लिफ्टमध्ये पाय ठेवला न ठेवला तोच मिस्त्रीने कान टवकारले.

"वरच्या चाकाचं बेअरिंग गेलंय," तो म्हणाला.

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, रिटायर झालात ना? आपण जहाजाचं बुकिंग करायला आलोय. चाक गेलं तर जाऊ दे."

मिस्त्रीने जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. भिंतीला कान लावला की दोर कुठे घासतोय आणि कुठला नट सैल झालाय, हे तो डोळे मिटून सांगायचा. तरणे इंजिनियर मशीन घेऊन येत आणि शेवटी "मिस्त्रीला बोलवा" म्हणत. कान असा तिखट, पण जिभेच्या बाबतीत देवाने हात फारच आखडता घेतला होता. दिवसा त्याच्या तोंडून "बरं" आणि "बघू" यापलीकडे काही निघत नसे. सोबतीचे लोक त्याला मौनी म्हणत. बायको शाळेत गणिताची बाई होती. दोघांच्या वाटणीचं बोलणं तीच बोलून टाकायची, त्यामुळे घर काही मुकं वाटत नसे.

या दोघांचं जमतं कसं, हा लोकांना पडलेला प्रश्न. त्याचं उत्तर मिस्त्रीपाशी होतं आणि ते त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. दिवा मालवला की त्याला वाचा फुटायची. बायको नेहमी पलंगाच्या उजव्या कडेला, उजव्या कुशीवर, त्याच्याकडे पाठ करून झोपायची, आणि तोंडापेक्षा पाठीशी बोलणं सोपं. साहेबाने चारचौघांत केलेला अपमान, लिफ्टच्या भोकात पडता पडता वाचलो तेव्हाची थरथर, लेक सासरी गेली तेव्हा जिन्यात बसून रडलो ते, सगळं त्याने त्या पाठीला सांगितलं होतं. ती मधूनच "हं" म्हणायची. सल्ला नाही, उलटतपासणी नाही. दिवसभर जिला दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देणं जमत नाही ती बाई रात्री नुसती ऐकून घेते, याचं त्याला फार अप्रूप होतं. अशी ऐकणारी बायको नशिबाने मिळते, असं तो मनाशी म्हणायचा, आणि त्या एका गोष्टीसाठी तिची दिवसभराची कटकट त्याला फुलासारखी हलकी वाटायची.

बुकिंगच्या ऑफिसात काचेखाली जहाजाचा नकाशा पसरला होता. बायको सवयीने मिस्त्रीच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसली. टेबलापलीकडची बुकिंगवाली मुलगी चटपटीत होती.

"खोल्या दोन बाजूंना आहेत," ती म्हणाली. "जाताना किनारा उजवीकडे राहतो. येताना जहाज खोल समुद्रातून येतं, मग दोन्हीकडे पाणीच पाणी. किनारा बघायचा असेल तर उजवीकडची घ्या. शांत झोप हवी असेल तर डावीकडची. कुठली देऊ?"

"डावीकडची," बायको म्हणाली.

"उजवीकडची," मिस्त्री म्हणाला.

दोघीही त्याच्याकडे बघू लागल्या. दुकानात, हॉटेलात, लग्नकार्यात, कुठेही मिस्त्रीने आधी आपली पसंती सांगितली असं आजवर घडलं नव्हतं.

"का हो?" बायकोने विचारलं.

मिस्त्रीने नकाशावर बोट ठेवलं. तांबड्या दीपगृहाचं बंदर. डोंगर तिथे थेट पाण्यात उतरत होते.

"हे लागतं वाटेत," तो म्हणाला. "तुला बघावंसं वाटेल."

"मला? काय आहे तिथे?"

आता हिला काय सांगायचं? चांगलं माहीत असून वेड पांघरतेय, त्याला वाटलं. अजून राग गेला नाही म्हणायचा.

कारण त्या बंदरात तिचा थोरला भाऊ होता. लग्नाच्या वेळी याच दादाने मिस्त्रीच्या तोंडावर सांगितलं होतं, "दोराला लोंबकळणाऱ्या माणसाला माझी बहीण द्यायची नाही." तरी लग्न झालं, आणि दादाने येणंजाणं तोडलं. पुढे कितीतरी वर्षांनी एका दुपारी तो दारात उभा राहिला. ती शाळेत होती. "चुकलो," तो म्हणाला, "तिला भेटायचंय." मिस्त्री दिवसा बोलत नसे, पण त्या दुपारी बोलला. जुना अपमान उफाळून वर आला आणि तो म्हणाला, "तिला तुमचं तोंडही बघायचं नाही." आणि दार लावून घेतलं. तिच्या नावाने, तिला न विचारता. दाराबाहेरून आवाज आला, "मी तांबड्या दीपगृहाच्या बंदरावर कामाला लागलोय. तिला एवढं सांगा."

त्या रात्री त्याने तिला सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही. "चुकलं माझं," म्हणाला, "तू म्हणशील तर उद्याच्या बोटीने जाऊन त्याला घेऊन येऊ." ती "हं" म्हणाली. सकाळी तो चहाचा कप हातात धरून वाट बघत बसला. ती दूध नासल्याबद्दल बोलली आणि शाळेत गेली. मिस्त्रीला वाटलं, हिने मला माफ केलं आणि भावाला केलं नाही. पुढे ती दादाला दिवसाढवळ्या नावं ठेवायची, लेकीच्या लग्नालाही फिरकला नाही म्हणून तळतळायची, तेव्हा त्याची खात्रीच पटली. एवढी मोठी चूक या बाईने एका "हं"मध्ये पोटात घातली. त्या माफीच्या उबेत तो आजवर निवांत जगला होता.

"मी सांगते का नको ते," बायको मुलीकडे वळली. "पलंग कसे आहेत तुमच्या खोल्यांत?"

"आरशातल्यासारखे उलटे," मुलीने सांगितलं. "उजवीकडच्या खोल्यांत पलंगाची उजवी कड भिंतीला लागून असते, डावीकडच्यांत डावी."

"मग झालं तर. माझे गुडघे हे असे. उठावं लागतं, म्हणून मी मोकळ्या कडेला. उजवीकडच्या खोलीत मी यांच्या डावीकडे येणार. उजव्या कुशीवर वळले की यांचं तोंड समोर, आणि डाव्या कुशीवर वळले की चांगला कान वर. मग रात्रभर यांचं घोरणं आणि तुमचं इंजिन. मी उजव्या कुशीवरच झोपते बाई. चांगला कान उशीत गेला की जग बुडालं तरी मला पत्ता नाही."

"चांगला कान?" मिस्त्रीने विचारलं.

"उजवा. डाव्याने कुठे ऐकू येतं मला?"

ती हे इतक्या सहज म्हणाली, की मुलीने मान डोलावून पुढचं पान उघडलं. मिस्त्री मात्र जागच्या जागी थिजला. त्याला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. दोर तुटल्यावर लिफ्टमधल्या माणसाला जसं आधी पोटात कळतं आणि मग डोक्यात, तसं त्याचं झालं.

"केव्हापासून?" त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही.

"केव्हापासून म्हणजे? लहानपणी ताप आला तेव्हापासून. अहो, असं काय करता? माहीत आहे ना तुम्हाला?"

"नाही."

"चेष्टा पुरे. लेकीला माहीत आहे, शाळेच्या शिपायाला माहीत होतं, माझ्या वर्गात डावीकडच्या बाकांवरची पोरं खुशाल गप्पा मारायची ती काय उगाच? आणि लग्नाआधी दादा तुम्हाला भेटायला आला होता. मी सांगतो त्यांना, म्हणाला होता."

"तो भांडला. सांगितलं नाही."

बायको हसायची थांबली. "पण तुम्ही कायम माझ्या उजवीकडून चालता. पहिल्या दिवसापासून. मला वाटायचं, माणूस बोलत नाही, पण किती जपतो. कान कुठला ते कधी विसरला नाही. मी सगळ्या मैत्रिणींना सांगितलंय हे."

मिस्त्रीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. या हातात जन्मभर हत्यारांची पिशवी होती. पिशवीचा धक्का लागू नये म्हणून बायको डावीकडे. एवढंच होतं ते. पण हे सांगायची त्याची छाती झाली नाही.

"रात्री," तो म्हणाला, "मी बोलायचो. तू हं म्हणायचीस."

"बोलायचात?" तिने डोळे मोठे केले. "माझ्या मानेवर वारा लागायचा तुमचा. मला वाटायचं, झोपलीस का म्हणून विचारताय. म्हणून हं म्हणायचे. रोज काय बोलायचात?"

सगळं. साहेबाचा अपमान, जिन्यातलं रडू, सगळं उशीवर सांडून वाळून गेलं होतं. भिंतीआडचा सैल नट ओळखणाऱ्या या शहाण्याला शेजारच्या उशीवरचा कान ओळखता आला नव्हता. आणि ती दुपार! दादाची ती दुपार तिला ठाऊकच नव्हती. ज्या माफीवर तो जगत आला होता ती कुणी दिलेलीच नव्हती.

"मग काका, डावीकडचीच करू ना?" मुलीने विचारलं. तिचं बोट बटणावर होतं.

हो म्हटलं असतं तर विषय मिटला असता. डावीकडे नुसतं पाणी. बंदर दुसऱ्या अंगाने निघून गेलं असतं, बायको शांत झोपली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. मिस्त्रीने तोंड उघडलंही. पण शेजारी ती बसली होती, चांगला कान त्याच्याकडे करून, आणि खरोखर काहीतरी ऐकायची वाट बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

"दादा आला होता," तो म्हणाला.

भर दुपारी, परक्या मुलीसमोर, ट्यूबलाइटच्या उजेडात त्याने सगळं सांगितलं. दाराशी काय बोललो ते शब्द न गाळता सांगितलं. बंदराचं सांगितलं, दूध नासल्याचंही सांगितलं. मुलीचं बोट बटणावरच राहिलं.

बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने नकाशातल्या त्या बंदराकडे पाहिलं.

"तिला तुमचं तोंडही बघायचं नाही," तिने ते शब्द पुन्हा उच्चारून पाहिले. "माझ्या नावाने?"

"हो."

"आणि हे मला सांगितलंत?"

"त्याच रात्री."

"कुठल्या कानात?"

मिस्त्रीने मान खाली घातली.

"मी त्याला मेला समजून बसले हो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला असह्य झालं. "लेकीच्या लग्नात दारात उभी राहून शिव्या घातल्या मी त्याला. तुम्ही शेजारी होतात. तेव्हा का नाही बोललात?"

"वाटलं, माहीत असून राग धरलायस."

"एकदा विचारायचं. दिवसा. चहा घेताना." तिने बंदरावर बोट ठेवलं. "आहे का तो अजून?"

"माहीत नाही."

बायकोने पदराने तोंड पुसलं आणि मुलीला विचारलं, "या बंदराला दुसरं काही जातं का ग? गाडी?"

"डोंगर आहेत ना, रस्ता नाही. साध्या बोटीही बंद झाल्या. आता आमचं जहाज तेवढं थांबतं, दुपारभर."

"उतरू देता?"

"हो. पण भोंगा वाजायच्या आत परत यायचं. कुणासाठी थांबत नाही आम्ही."

"उजवीकडची दे," बायको म्हणाली.

"पण पलंगाचं..." मुलगी चाचरली.

"झोपायचंय कुणाला? मी खिडकीशी बसणार आहे."

"दोघांसाठीच ना?"

बायकोने मिस्त्रीकडे एकदा पाहिलं.

"दोघांसाठी," ती म्हणाली. "दादा भेटला तर त्याच्या दारात यांनाच उभं करणार आहे मी. हे जे बोलले ते तिथे बोलून दाखवतील."

लिफ्टने खाली येताना बेअरिंग कुरकुरत होतं. मिस्त्रीचं तिकडे लक्ष नव्हतं. रस्त्यावर आल्यावर तो नेहमीसारखा चालू लागला, पण बायको मागून वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला आली. हात रिकामा होता, पिशवी नव्हती. आता तिचा डावा कान त्याच्याकडे होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

ती समोर बघून चालत राहिली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तिला ऐकूच गेलं नव्हतं, आणि ऐकू जाऊ नये म्हणूनच ती त्या बाजूला आली होती.

मिस्त्री थांबला. मग घाईघाईने मागून फिरून तिच्या पलीकडच्या बाजूला गेला, फुटपाथच्या कडेला, गाड्यांच्या भोंग्यांत, आणि मौनी म्हणून ओळखला जाणारा तो माणूस ओरडला, "चुकलं माझं! ऐकतेस का? चुकलं!"

पुढे चालणारे दोघे वळून बघू लागले. पानवाल्याने मान बाहेर काढली.

"ऐकलं," बायको म्हणाली. एवढंच म्हणाली, आणि थांबली नाही. तो तिच्या उजवीकडून चालत राहिला.