उकिडवी

कॉलेजच्या बेसबॉल क्लबात फरशी आली ती पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी, व्हायला. खरं नाव वेगळं होतं, पण वडील फरशी बसवण्याचं काम करतात असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत तिचं नवं नाव पक्कं झालं. क्लब म्हणजे तरी काय, जिन्याखालची एक खोली, दहा टाळकी आणि सात हातमोजे.

तिने दहा चेंडू फेकले. चार कुंपणापलीकडे गेले, एक कर्णधाराच्या पाण्याच्या बाटलीवर बसला. कर्णधाराला सगळे दाढी म्हणत. हिला नाही कसं म्हणावं याची तो मनात जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात फरशी उकिडवी बसून बुटाची नाडी बांधू लागली आणि मग तशीच बसून राहिली. चांगली वीस मिनिटं.

"पाय नाही दुखत तुझे?"

"कशाला दुखतील?"

दाढीला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. बॅटरच्या मागे उकिडवं बसून पिचरचा चेंडू झेलायचा, हे कॅचरचं काम त्यांच्यात कुणाला नको होतं. दोन डावांतच मांड्या भरून यायच्या. फरशी मात्र शाळेच्या प्रत्येक सुट्टीत वडिलांशेजारी बसून टाइलांच्या फटी भरत आली होती. महिन्याभरात तिच्यावाचून संघाचं पान हलेना.

अडचण घरी होती. तीस वर्षं बसून वडिलांचे गुडघे कामातून गेले होते. जिना ते कठडा धरून, अंग तिरकं करत उतरायचे. "मी जन्मभर उकिडवा बसलो ते तू खुर्चीवर बसावंस म्हणून," असं ते म्हणत. पुन्हा तशी बसलेली दिसलीस तर खेळबिळ बंद, असा त्यांनी दमच भरला होता. म्हणून बाईसाहेबांनी घरी ठोकून दिलं की आपण मैदानाच्या लांबच्या कोपऱ्यात उभ्या असतो. खोटं बोलणं तिला जिवावर यायचं, पण खेळ सोडणं त्याहून जिवावर येत होतं.

शेजारच्या कॉलेजशी सामना होता. शेवटचा डाव, एका धावेची आघाडी, आणि तिसऱ्या बेसवर त्यांची खेळाडू धावायला टपलेली. फरशीने सहज मान वळवली तर कुंपणापाशी वडील उभे. काम लवकर आटोपलं म्हणून लेकीचा खेळ बघायला आले होते, कपड्यांवर सिमेंट तसंच.

ती ताडकन उभी राहिली. पिचर थांबला, बॅटर थांबला.

"बसताय ना?" पंचांनी विचारलं.

ती बसली, पण अर्धवट. बसलेलं दिसू नये म्हणून टाचा उचलून, लोंबकळल्यासारखी. पुढचा चेंडू खाली आला, ती कोलमडली, चेंडू मागे पळाला आणि तिसऱ्या बेसवरची पोरगी धाव घेऊन मोकळी झाली. बरोबरी.

पंचांकडे वेळ मागून फरशी कुंपणापाशी गेली. रागावणार असतील तर आत्ताच रागावू देत, असं तिला झालं होतं.

"मी खोटं बोलले, बाबा."

"अर्धा तास बघतोय मी," वडील म्हणाले. "आधी बरी बसली होतीस की. आत्ता टाचा कशाला उचलल्यास?"

तिने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं.

"सगळा भार चवड्यांवर आला की माणूस कोलमडतो. गुडघेही जातात. पाय जरा फाक, टाचा टेकव. हे असं."

जाळी धरून ते दाखवायला वाकले आणि मध्येच अडकले. फरशीने जाळीतून बोटं घालून त्यांची बोटं घट्ट धरली. ते सावकाश उभे राहिले, दम खाल्ला.

"मला हे कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "जा. नीट बस."