खाडीचे संशोधक

आमच्या ह्यांनी, म्हणजे त्र्यंबकरावांनी, डोंबिवली ते ठाणे 'निसर्गरम्य खाडीकिनाऱ्याचा शोध' घ्यायचं ठरवलं, तेव्हा आधी सत्काराचे पाहुणे ठरले आणि मग होडीची चौकशी झाली. शोध म्हणे! जिथे कोळ्यांच्या कितीतरी पिढ्या जाळी टाकत आल्या, ती खाडी डोंबिवलीच्या हौशी मंडळाला १९९१ साली सापडली.

पुण्याच्या एका मित्राकडून फायबरची दोघांची कयाक आली. माझं माहेर मुरुडचं, त्यामुळे वल्हं माझ्याच हाती येणार हे उघड होतं. माझी अट एकच होती, सत्कार दोघांचा व्हायला हवा. "अगं, म्हणजे काय!" हे म्हणाले. मी भोळी, मला ते खरं वाटलं.

शनिवारी सकाळी मोठागावच्या काठावर आम्ही तयार होतो. पाणी उतरायला लागलेलं दिसत होतं.

"अहो, आत्ता निघालो तरच पोचू. ओहोटी लागलीय."

"राहुकाळ आहे. साडेदहापर्यंत होडी पाण्यात घालायची नाही."

समुद्राला पंचांग दाखवणारा नवरा मिळायलाही नशीब लागतं. साडेदहाला नारळ फुटला आणि आम्ही निघालो. मोहीमप्रमुख म्हणून हे पुढे दुर्बीण घेऊन बसले. दिसेल तो पक्षी यांना परदेशी वाटत होता, बगळासुद्धा. मागे बसून मी वल्हवत होते.

दिवा गावाजवळ 'पायी पाहणी' करायला उतरलो. हंडे घेऊन निघालेली एक बाई थबकली.

"पानी न्यायला होरीनं आलाव का?" तिनं विचारलं.

यांनी तिचा फोटो काढला, 'स्थानिक लोकजीवन' म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कळव्याचा पूल दिसला आणि कयाक चिखलात बसली. ठाण्याचा धक्का हाकेच्या अंतरावर, मधे नुसता काळा चिखल. धक्क्यावर सत्काराचे पाहुणे, म्हणजे यांच्या ऑफिसचे साहेब, घड्याळ बघत उभे होते. मंडळाचे चिटणीस सहदेव माईकवरून ओरडत होते, "त्र्यंबकराव, उतरा!"

हे कसले उतरतात! सत्कारासाठी मुद्दाम पांढरी पँट घातली होती.

मी उतरले. मांडीपर्यंत रुतत, पडत, शिव्या गिळत धक्का गाठला. सहदेवभावजींचा चेहरा उजळला.

"वहिनी, बरं झालं तुम्ही आलात. साहेबांना पुढचा कार्यक्रम आहे. त्र्यंबकरावांच्या वतीनं तुम्हीच स्वीकारा."

साहेबांनी शाल माझ्या खांद्यावर घातलीसुद्धा नाही. घडी तशीच हातात दिली, वर श्रीफळ ठेवलं, "त्यांना आमचं अभिनंदन कळवा" म्हणाले आणि गाडीत बसले.

"आणि माझा सत्कार?" मी विचारलं.

"तुमची ओटी भरायची होती हो," सहदेवभावजी म्हणाले, "पण ती भरणाऱ्या लक्ष्मीवहिनींना यायला जमलं नाही."

डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. दंड ठणकत होते, हाताला फोड आले होते, आणि मी आपली टपाल पोचवणारी!

धक्क्याच्या पायरीवर बसले. शालीची घडी मोडली आणि पाय पुसायला घेतले. आधी पोटऱ्या, मग टाचा, मग एकेक बोट.

"अगं, काय करतेस! ती शाल माझी आहे!" कयाकमधून हे किंचाळले.

"मग या की घ्यायला," मी म्हटलं आणि दुसरा पाय पुढे केला.