अंगठ्याखालचा नंबर

गुरुवारी संध्याकाळी मी एका रायफलीच्या बोल्टवर अंगठा ठेवला आणि तो रविवार सकाळपर्यंत उचलला नाही. तसा हात अर्ध्या मिनिटातच बाजूला केला होता. पण असे अंगठे हाताने थोडेच ठेवलेले असतात.

रायफल कमळाकरशेटांची. उलव्यात आज जिथं आमची सात मजली सोसायटी उभी आहे, तिथं पूर्वी त्यांचं भातशेत होतं आणि शेताची राखण करायला त्यांनी रीतसर परवाना काढून रायफल घेतली होती. पुढं शेत गेलं, शेटांचं नाव बिल्डिंगला लागलं, रायफल मात्र राहिली. राखायला खाली फक्त पार्किंग उरलं होतं, आणि तिथल्या भांडणांत रायफल काढायची वेळ अजून आली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी शेट वारले. परवाना त्यांच्या नातीच्या, रंजिताच्या नावावर होईपर्यंत रायफल पोलीस स्टेशनात जमा होती. मधे निवडणूक लागली, तेव्हा आसपासच्या चार-पाच जणांच्या तशाच रायफली तिथं येऊन पडल्या. ठेवण्याची पद्धत चोख होती: रायफली एका खोलीत, त्यांचे बोल्ट दुसऱ्या खोलीत, पोत्यात. चोराच्या हाती रायफल लागली तरी बोल्ट लागू नये. चोराच्या हाती तो लागला नाही, हे कबूल करायला हवं.

बोल्ट म्हणजे रायफलीचं मागचं दार. गोळी आत ढकलायची आणि कडी लावून घ्यायची, एवढंच त्याचं काम. पण दार ज्या त्या चौकटीच्या मापानं बसवलेलं असतं, म्हणून रायफलीवर आणि तिच्या बोल्टवर एकच नंबर ठोकतात. हे मला माहीत असायचं कारण म्हणजे सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात चौतीस वर्षं मी दुसरं काहीच केलं नाही.

तर गुरुवारी संध्याकाळी शेटांचा मुलगा दिपेश वर आला. "काका, तुमी बंदुकीच्या कारखान्यात होते ना? चौदा हेलपाटे घालून आज मिळाली. पण दोन पीसमधे दिलीय. चला, जोडून द्या."

खाली त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर रायफल, रुमालावर बोल्ट आणि भोवती घरचे-दारचे मिळून दहा-बारा जण. गोजराआजी, शेटांची बायको, सोफ्यावर मांडी घालून बसलेली. निवृत्त झाल्यापासून इतक्या लोकांनी एकदम माझ्याकडं पाहिलं नव्हतं. सोसायटीच्या सभेत मी बोलायला उठलो की लोक चहा आणायला उठतात.

"नीट बग रं बाबा," आजी म्हणाली, "पोरीच्या हातान जानार हाय."

"आई, टेन्शन नको घेऊस," दिपेश म्हणाला. "काका म्हंजे या लाइनमधले बाप हायेत."

मी बापासारखा बसलो. रायफल उचलली. नंबर चारशे सतरा. बोल्ट उचलला. नंबर नऊशे तीन.

चष्मा नाकावर होता. डोक्यावर दोन ट्यूबलाइट होत्या. तेव्हा चष्म्यावर किंवा उजेडावर काही ढकलता येत नाही. मी नंबर पाहिला, आणि दिपेश वाकून बघायला लागला तसा त्या नंबरावर अंगठा ठेवला.

का ठेवला, याची कारणं मी नंतर तीन दिवस गोळा केली. बोल्ट दुसऱ्याचा आहे म्हटलं असतं तर दिपेशचे हेलपाटे पुन्हा सुरू. आतून बोंबील तळल्याचा वास येत होता. आणि बापाला 'मला मोजायच्या गेजशिवाय सांगता येणार नाही' असं म्हणणं जड जातं. पहिली दोन कारणं मी लोकांना सांगण्यासाठी ठेवली होती.

बोल्ट आत गेला. खट् असा सुरेख आवाज झाला.

"ओके," मी म्हणालो. हा शब्द मी नोकरीत इतक्या वेळा उच्चारलाय, की आता तो मला न विचारताच बाहेर पडतो.

टाळ्या पडल्या. रंजितानं वाकून नमस्कार केला. ती बेलापूरला एका वकिलाकडं काम करते, शहाणी मुलगी. "काका, रविवारी शूटिंग रेंजवर या हां. आजोबांच्या रायफलचा पहिला बार तुमच्यासमोर टाकणार." मी तिला आशीर्वाद दिला आणि पाच बोंबील खाल्ले.

घरी येऊन आडवा झालो तेव्हा बोंबील गप्प होते, नऊशे तीन बोलत होता.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोल्ट लावल्यावर त्याच्या तोंडाशी काडतुसाच्या बुडाला जी जागा मिळते तिला आमच्यात हेडस्पेस म्हणतात. ती मोजायला दोन पोलादी गेज असतात. पहिल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. दुसऱ्यावर होताच कामा नये. दुसऱ्यावरही झाला, तर जागा फाजील आहे. लग्नाच्या हॉलमध्ये जागा फाजील असली तर लोक खूश होतात. इथं मात्र काडतूस मागच्या मागं फाटतं, आणि जाळ नि पितळेचे तुकडे नेमके तिकडं येतात जिथं माणसानं गाल टेकवून एक डोळा मिटलेला असतो. दुसरा उघडा असतो.

शुक्रवारी मी दिपेशला फोन करून सांगितलं, की रविवारी ऊन फार आहे. तो म्हणाला, शेड आहे. शनिवारी सकाळी सांगितलं, की त्या रेंजवर पार्किंगची बोंब आहे असं ऐकतो. तो म्हणाला, ड्रायव्हर आहे. संध्याकाळी पुन्हा फोन हातात घेतला तेव्हा आमच्या चारुलताबाई भाजी निवडत होत्या.

"आता काय सांगणार? ग्रहण आहे?"

"तसं नाही. जरा काळजी वाटते मुलीची."

"मग काळजी सांगा की. पार्किंग काय सांगताय?" तिनं एक देठ मोडला. "गुरुवारपासून तुम्ही अंगठा चोळताय. दुखतोय का?"

"नाही."

"मग काय केलंत त्यानं?"

बेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईला गेज कधी लागलं नाही. मी टीव्ही लावला.

रविवारी सकाळी मला गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. रेंज पनवेलच्याही पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. आशा एकच होती: तिथं कुणीतरी तपासेल, नापास करेल आणि माझं नाव न येता सगळं निभेल. सरकारी नोकरीत माणूस हे एक शिकतो. आपल्या पुढच्या टेबलावर त्याची फार श्रद्धा असते.

पुढचं टेबल निशांत नावाचं होतं. तिशीतला, चटपटीत शिक्षक. त्यानं रायफल हातात घेतली आणि योग्य प्रश्न विचारला. "बोल्ट वेगळा ठेवला होता म्हणता. हेडस्पेस चेक केलंय?" टेबलावर लाकडी पेटीत दोन गेज होते. मला ते लांबूनच ओळखू आले.

"अरे, आख्खा कारखाना सोबत आणलाय," दिपेशनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "काकांनी सोता जोडलीय."

निशांतनं विचारलं, कुठला कारखाना, किती वर्षं. दिपेशनं सांगितलं; वर्षं त्यानं चाळीस केली. निशांतनं पेटीचं झाकण लावलं आणि माझ्या पाया पडला. "सर, तुमी पास केलीय म्हटल्यावर आमी कोन तपासनारे?"

पुढचं टेबल माझ्या पायाशी वाकलं होतं. त्याच्यापुढं टेबल नव्हतं.

रंजितानं कानावर मफ चढवले. ओणवी झाली. गाल लाकडाला टेकवला, तसा केसांचा क्लिप अडला, म्हणून तो काढून तिनं खिशात ठेवला आणि पुन्हा गाल टेकवला. निशांतनं एक काडतूस तिच्या हातात दिलं.

"थांब," मी म्हणालो. मफमुळं तिला ऐकू गेलं नाही. मी जाऊन तिच्या हातातलं काडतूस काढून घेतलं. रेंजवर असं कुणी करत नसतं, निशांत ओरडला. "नंबर जुळत नाहीत," मी म्हणालो. "रायफल चारशे सतरा, बोल्ट नऊशे तीन. मी गेज लावलेलं नाही. माझ्याकडं गेज नव्हतंच."

निशांतनं पेटी उघडली. पहिल्या गेजवर बोल्ट बंद झाला. दुसरं गेज घातलं. त्यावरही बोल्ट बंद झाला, अगदी मऊ, खट् करून. गुरुवारी मला सुरेख वाटलेला आवाज तोच.

"पायलं कधी तुमी?" दिपेशनं विचारलं.

"जोडतानाच."

तो चिडेल असं वाटलं होतं. पण त्याचा आवाज चढला नाही. "काका, चौदाचे पंधरा झाले असते ओ. मी काय मोजत बसलो असतो?"

आम्ही गाडीत येऊन बसलो. खरं सांगायचं तर मला हलकं वाटायला लागलं होतं. मुलीचा डोळा वाचला होता, मी कबूल केलं होतं, आणि परतीच्या वाटेवर कुठं चहा घेतील का, असाही विचार येऊन गेला.

"काका," मागून रंजिता म्हणाली, "नऊशे तीन आपल्याकडं आहे. मग नऊशे तीनच्या रायफलमध्ये कोणाचा बोल्ट आहे?"

तीन दिवस मी रंजिताच्या डोळ्याचा विचार करत होतो असं मला वाटत होतं. मी माझ्याच तोंडाचा विचार करत होतो. नाहीतर चौतीस वर्षं बोल्ट मोजलेल्या माणसाला हे साधं गणित सुटायला वकिलाकडची मुलगी कशाला लागते?

तिनं लगेच पोलीस स्टेशनला फोन लावला. हवालदार ओळखीचा होता, रजिस्टर बघून म्हणाला, नऊशे तीन वामन म्हणून एकाची. चिरनेरच्या पुढं, रानालगत शेती. डुकरं हाकायचा परवाना. त्यानंही याच आठवड्यात, बुधवारी नेली. मोबाइल नंबर दिला. रंजितानं फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरला. दिपेशनं ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितलं.

"कोन?" आवाज जाड, सकाळच्या झोपेतला वाटला.

मी नाव सांगितलं, रायफलीबद्दल विचारलं. बार टाकू नका, म्हणालो. बोल्ट बदललाय.

"आता काय नाय टाकत," वामन म्हणाला. "शनवारी सांजचे टाकला. मागशी फुटला. डोल्याला पट्टी हाय. डाक्टर बोलला, मंगलवारी सोडू मंग बगू." मग सहज, चौकशी केल्यासारखं त्यानं विचारलं, "तुमाला कवा कलला साहेब?"

रंजितानं फोन आणखी जवळ आणला. ती माझ्याकडं बघत नव्हती, फोनकडं बघत होती.

"गुरुवारी," मी म्हणालो.

"गुरवार," तो म्हणाला. मी काही बोलायला तोंड उघडलं, पण त्याचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. तो कुणाला तरी हाक मारत होता.

"थांबा जरा," तो म्हणाला. "बायकोच्या हातान देतो फोन. तिला बी सांगा."